जमीन चालू कर

पर्वरीच्या फ्लॅटमधल्या बाईंनी दिलेलं पहिलं मशीन
आम्ही परत केलं.
त्याचा सगळ्यात हळू वेगसुद्धा
तिच्यासाठी धावणं होता.

दुसरं आलं इस्पितळातून, सहा महिन्यांच्या बोलीवर,
टेम्पोतून रायबंदरच्या धक्क्यापर्यंत
आणि पुढे माझ्याच फेरीबोटीतून चोडणला.
बाबुसो म्हणाला, पोट उणें करता मरे?
मी म्हटलं, हो.
त्या दिवशी एवढंच खोटं बोललो.

चवथीला माटोळी बांधतो त्या वाशाला
आता खाकी पट्टे लोंबतात.
पट्ट्यांत शर्वाणी, साडेतीन वर्षांची,
पोटऱ्यांना गुलाबी प्लास्टिकचे स्प्लिंट,
समोर आरसा, आरशात तिची जीभ बाहेर.
सुलक्षा पाटावर बसून गुडघा धरते:
टाच आधी, बाय. टाच.
टाच काही टेकत नाही. चवडेच टेकतात,
गरम वाळूवर टेकावेत तसे.
बंद करायची लाल दोरी
माझ्या सदऱ्याला अडकवलेली.
मी मागे तोल गेलो तर मशीन थांबेल.
म्हणून मी श्वासही बेताने घेतो.

आठ मिनिटं सकाळी, आठ संध्याकाळी,
आठवड्यातून पाच दिवस.
लोरेटा बाईंनी वहीत रकाने आखून दिलेत.
मशीन बंद केलं की आकडा शून्य होतो,
म्हणून सुलक्षा लगेच लिहिते:
४१ मीटर.
३८, रडली.
५२!
१७, वीज गेली.
वीज गेल्यावर पट्टा हळूच मरतो,
आणि ती उभी राहते तशीच टांगलेली,
कुणीतरी तिचं बोलणं मध्येच तोडल्यासारखी.

चवथ आली. माटोळी कुठे बांधायची?
काकांनी वाशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
सुलक्षा म्हणाली, देव दोन हात सरकतील.
सरकले.
आरतीच्या वेळी ती पट्ट्यांत होती,
टाळ्या एक सेकंद उशिरा वाजवत.

लोक विचारतात, जागच्या जागी चालून
पोचणार कुठे?
मी दिवसाला चाळीस वेळा
तोच काठ सोडतो, तोच काठ गाठतो.
मला कधी कुणी विचारलं नाही.

एकदा रात्रपाळीत वहीतली बेरीज केली.
तेवढ्या मीटरांत मांडवी कितीदा
ओलांडून झाली असती
हे मुद्दाम काढलं नाही.

मग ऑक्टोबरात एका दुपारी
तिला साध्या फरशीवर उभं केलं,
पट्टे नाहीत, फक्त माझी दोन बोटं.
ती थांबली. खाली बघत राहिली.
पाय उचलेना.
मी म्हटलं, चल.
ती म्हणाली, बाबा, जमीन चालू कर.

सुलक्षा आत गेली. तांदूळ धुतल्याचा आवाज आला,
धुतलेले तांदूळ ती पुन्हा धूत होती.
लोरेटा बाई फोनवर हसल्या नाहीत.
म्हणाल्या, होतं असं. वेळ लागतो. मशीनवर शिकलेलं
फरशीपर्यंत उतरायला.
उतरेलच, असं त्या म्हणाल्या नाहीत.
मला ते आवडलं.

गेल्या रविवारी तिला बोटीवर आणलं.
मोटारसायकली चढल्या, पाववाल्याची सायकल चढली,
रॅम्प उचलला, साखळी करकरली,
इंजिन तळव्यांतून वर आलं.
तिने कठडा धरला. पत्र्याकडे पाहिलं.
चालू झाली, ती म्हणाली,
आणि उजवी टाच
पुढे टेकवली.

मी साखळीपाशी, ड्यूटीवर,
हात ग्रीसने भरलेले. जाता आलं नाही.
बाबुसोने मान वळवून घेतली, नदीकडे.
पावलं तीन होती असं मी म्हणतो,
सुलक्षा म्हणते, दोनच. तिसऱ्याला ती बसली.
वहीत दोनच आहेत.
मीटरच्या रकान्यात काय लिहायचं
तिला कळेना, बराच वेळ पेन धरून बसली,
मग लिहिलं: पाण्यावर.

सोमवार: ४४. रडली.
वीज होती.